मुंगीच्या पावलांनी येणारा आजार : मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत मात्र ती उलटी करून वाचावी लागते. हा आजार मुंगीच्या पावलांनी येतो. आतड्याच्या अस्तरावर उगवलेल्या मुगाच्या दाण्याएवढ्या एखाद्या उंचवट्यातून त्याची सुरुवात होते आणि त्या उंचवट्याचे कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. आजाराची ही मंद चाल हीच वैद्यकशास्त्राला मिळालेली संधी आहे. कोलोनोस्कोपी, म्हणजेच मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, ही संधी साधण्याचे साधन होय.

बेंगळुरूमधील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या पोटविकार विभागात सकाळच्या वेळी मराठी बोलणे कानी पडते. नोकरीनिमित्त या शहरात स्थिरावलेल्या मुलांकडे राहायला आलेले आईवडील तेथे हातात फाइल घेऊन बसलेले असतात. अशाच एका प्रातिनिधिक कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. कुटुंबप्रमुख सांगलीच्या एका बँक शाखेतून निवृत्त झालेले, वय बासष्ट. जयनगरात मुलाकडे वास्तव्य, पहाटे लालबागेत फेरफटका, आहार बेताचा. सहा-सात महिन्यांपासून शौचावाटे अधूनमधून रक्त जाते. पण ते त्यांनी घरात कोणाला सांगितलेले नाही. ‘मूळव्याध असणार, उन्हाळ्यात होतेच,’ असे म्हणून रात्री इसबगोल घ्यायचे आणि विषय संपवायचा. पुढे वार्षिक रक्ततपासणीत हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले आणि कोलोनोस्कोपी करून घेण्याचा सल्ला दिला. घरी परतताना पत्नीने एवढेच विचारले, “अहो, सहा महिने गप्प का राहिलात?” त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

हे गृहस्थ कल्पित असले तरी त्यांचे मौन कल्पित नाही. रक्तदाब आणि मधुमेह यांविषयी आपण चारचौघांत बोलतो. शौचाच्या तक्रारीविषयी डॉक्टरांसमोरही संकोच वाटतो. या आजारात उशीर होण्याचे एक मोठे कारण हा संकोच आहे.

मूळव्याध की आणखी काही?

शौचावाटे रक्त जाण्याचे सर्वाधिक आढळणारे कारण मूळव्याध हेच आहे, यात शंका नाही. पण मूळव्याध असली म्हणजे वरच्या भागात दुसरे काही नाही, असे सिद्ध होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून होणारा रक्तस्राव तर इतका सावकाश होतो की तो डोळ्यांना दिसतच नाही. केवळ रक्तातील लोह कमी होत जाते, थकवा येतो आणि जिना चढताना दम लागतो. म्हणूनच पुरुषांमध्ये, तसेच पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये, लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय आढळला तर केवळ लोहाच्या गोळ्या देऊन न थांबता रक्त कोठे जाते याचा शोध घेतला जातो. शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकून राहिलेला बदल, कारण नसताना घटलेले वजन आणि वारंवार होणारी पोटदुखी याही दुर्लक्ष करू नयेत अशा खुणा आहेत.

हा केवळ पाश्चात्त्यांचा आजार आहे ही समजूत आता सोडून द्यावी लागेल. जगभरात आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग तिसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२ या वर्षासाठीच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार जगात त्याचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण आढळले, तर भारतात सुमारे ७० हजार. आपल्या देशातील प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी असले तरी शहर आणि खेडे यांत फरक दिसतो. हा फरक कळतो तो कर्करोग नोंदणीमुळे, आणि या नोंदणीत बेंगळुरूला महत्त्वाचे स्थान आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा लोकसंख्येवर आधारित नोंदणीसाठी निवडलेल्या पहिल्या तीन शहरांत मुंबई आणि चेन्नई यांच्याबरोबर बेंगळुरूही होते. येथील नोंदणीचे काम होसूर रस्त्यावरील किडवाई स्मृती कर्करोग संस्थेकडे आले. महाराष्ट्रात १९८७ साली बार्शी येथे देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदींची तुलना केली असता बार्शीच्या ग्रामीण भागापेक्षा बेंगळुरू, मुंबई यांसारख्या शहरांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळते. तंतुमय पदार्थांची कमतरता, बैठे काम, स्थूलता, तंबाखू आणि मद्य ही या आजाराचा धोका वाढवणारी ज्ञात कारणे आहेत.

एका भारतीयाचे योगदान

वळणावळणाच्या, सुमारे पाच फूट लांबीच्या आतड्यात आतून पाहता येईल, ही कल्पना फार जुनी नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले शास्त्रज्ञ नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात काचतंतूंच्या लवचिक जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. शरीरात सहज वाकणारी दुर्बीण त्यातूनच पुढे शक्य झाली. कपानी यांना २०२१ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. आजच्या दुर्बिणीत काचतंतूंच्या जुडीऐवजी टोकाशी सूक्ष्म कॅमेरा बसवलेला असतो आणि आतील दृश्य पडद्यावर दिसते.

यानंतरचा निर्णायक टप्पा १९६९ सालचा. न्यूयॉर्कमध्ये डॉ. हिरोमी शिन्या आणि डॉ. विल्यम वुल्फ यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन आतड्यातील पॉलिप कापून काढण्याची पद्धत विकसित केली. तोपर्यंत आतड्याच्या वरच्या भागातील पॉलिप काढायचा तर पोट उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. रोग शोधणारी दुर्बीण रोग दूर करणारीही झाली, ती तेव्हापासून.

आदली रात्र

ज्यांनी ही तपासणी करून घेतली आहे त्यांना विचारले, तर तपासणीपेक्षा तयारीच अधिक अवघड गेली असे बहुतेक जण सांगतील. आतडे पूर्ण स्वच्छ नसेल तर लहान पॉलिप मळाआड लपून राहतात, म्हणून तयारीला पर्याय नाही. वर वर्णन केलेल्या घरात रुग्णालयाची सूचनापत्रिका इंग्रजीत आणि कन्नडमध्ये होती. सूनबाईंनी ती मराठीत उतरवून फ्रिजच्या दारावर लावली.

त्या कागदावरील सूचना साधारणपणे अशा होत्या. दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाज्या, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाण्याची चटणी, तीळ आणि पेरू, टोमॅटो यांसारखी बिया असलेली फळे बंद. मऊ भात, दही, इडली, पांढरा पाव चालेल. आदल्या दिवशी केवळ पारदर्शक द्रवपदार्थ घ्यायचे : शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, दुधाविना चहा, वरणावरची गाळलेली निवळ. लाल किंवा जांभळ्या रंगाचे पेय नको, कारण आतड्यात त्याचा रंग रक्तासारखा भासतो. रेचक औषधाचे द्रावण दोन हप्त्यांत घ्यायचे असते : अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दुसरा हप्ता चुकवला तर पहिल्याचा उपयोगही कमी होतो. शेवटी शौच पिवळसर पाण्यासारखे निवळ झाले म्हणजे तयारी पूर्ण झाली असे समजावे.

चालू औषधांची संपूर्ण यादी डॉक्टरांना आधीच दाखवावी. रक्त पातळ करणारी औषधे काही वेळा थांबवावी लागतात, काही वेळा चालू ठेवणेच हिताचे असते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ मिळून घेतात; रुग्णाने तो परस्पर घेऊ नये. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी बंद केल्या जातात. उपवासाच्या दिवशी साखर एकदम उतरू नये म्हणून मधुमेहाच्या औषधांची मात्रा बदलावी लागते. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण सर्वच रेचक औषधे अशा रुग्णांना चालत नाहीत.

आत नेमके काय घडते?

बहुतेक रुग्णांना शिरेवाटे गुंगीचे औषध दिले जाते. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवून बोटाएवढ्या जाडीची लवचिक नळी गुदद्वारातून आत सरकवली जाते. आतड्याच्या घड्या उलगडाव्यात म्हणून थोडी हवा किंवा कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. अपेंडिक्सजवळच्या, म्हणजे मोठे आतडे जेथे सुरू होते त्या टोकापर्यंत नळी पोहोचली की खरे निरीक्षण सुरू होते. ती हळूहळू मागे घेत प्रत्येक घडीमागे पाहिले जाते. या परतीच्या प्रवासाला किमान सहा मिनिटे द्यावीत, असा संकेत आहे. एकंदर काम बहुधा २० ते ४५ मिनिटांत उरकते.

याच नळीत एक अरुंद वाट असते आणि तिच्यातून अवजारे आत जातात. अस्तर कोठे सुजलेले, लालसर किंवा व्रणयुक्त दिसले तर बारीक चिमट्याने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे घेतले जातात. हीच बायोप्सी. अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नसल्याने रुग्णाला ती समजतही नाही. ‘बायोप्सी’ हा शब्द ऐकताच घरात चिंता पसरते, पण बायोप्सी म्हणजे कर्करोग नव्हे. आपल्या देशात आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हा दाहविकार वरवर सारखेच दिसतात. त्यांचे उपचार मात्र पूर्णतः भिन्न आहेत. एकासाठी दिलेले औषध दुसऱ्यात अपाय करू शकते. अशा वेळी निदानासाठी त्या तुकड्यांचा मोठा आधार असतो. काही विकारांत तर अस्तर डोळ्यांना निरोगी दिसते आणि दोष केवळ सूक्ष्मदर्शकाखाली उघड होतो.

पॉलिप दिसला तर त्याच्या मुळाशी तारेचा फास टाकून तो काढला जातो. लहान पॉलिप नुसत्या फासाने निघतो. मोठ्या पॉलिपसाठी तारेतून विद्युतप्रवाह सोडतात, त्यामुळे कापताना रक्तवाहिनीही बंद होते. पसरट पॉलिप असेल तर त्याच्याखाली द्रव टोचून तो उचलून घेतला जातो. फार मोठा किंवा अवघड जागीचा पॉलिप असल्यास दुसरी वेळ ठरवावी लागते, क्वचित शस्त्रक्रियाही करावी लागते. सही करण्यापूर्वी संमतिपत्र वाचावे, ही सवय बँकेच्या ग्राहकांना सांगायला नको. पॉलिप आढळल्यास त्याच वेळी काढण्याची मुभा त्यात नमूद आहे का, हे पाहून घ्यावे. एरवी सारी तयारी पुन्हा करावी लागू शकते.

धोके मुळीच नाहीत असे नाही. आतड्याला छिद्र पडणे ही गंभीर गुंतागुंत आहे; साध्या तपासणीत ती साधारणतः हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होते, मोठा पॉलिप काढताना तिची शक्यता वाढते. पॉलिप काढलेल्या जागेतून दोन आठवड्यांपर्यंत रक्तस्राव होऊ शकतो. तीव्र पोटदुखी, पोट ताठणे, ताप किंवा भरपूर रक्त जाणे यांपैकी काहीही झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पुढच्या दोन आठवड्यांतील लांबचे प्रवास डॉक्टरांना विचारूनच ठरवावेत. गुंगीचा अंमल उतरला असे वाटले तरी २४ तास वाहन चालवू नये, महत्त्वाच्या कागदपत्रांवर सही करू नये आणि पैशांचे मोठे व्यवहार करू नयेत. सोबत घरचे माणूस असणे आवश्यक आहे.

अहवाल हाच खरा निकाल

आपल्या गृहस्थांच्या तपासणीत दोन पॉलिप निघाले, एक ४ मिलिमीटरचा आणि दुसरा १२ मिलिमीटरचा. दोन्ही काढले गेले. संध्याकाळी ते घरी आले, मऊ भात जेवले आणि ‘काढले ना, संपले,’ म्हणून निश्चिंत झाले. येथेच अनेकांची चूक होते. दुर्बिणीतून पॉलिप दिसतो. तो कोणत्या जातीचा आहे हे विकृतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निश्चित होते. हा अहवाल साधारण आठवड्याभरात मिळतो आणि पुष्कळदा तो रुग्णालयाच्या खिडकीवर तसाच पडून राहतो.

काही पॉलिप निरुपद्रवी असतात. ‘ॲडिनोमा’ जातीचे पॉलिप मात्र पुढे कर्करोगाकडे झुकू शकतात. त्यांतील सर्वच तसे होत नाहीत, थोडेच होतात. पण कोणता होईल हे आज सांगता येत नसल्याने सगळे काढणे श्रेयस्कर ठरते. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींनुसार आतडे स्वच्छ असून काहीच आढळले नाही, तर सर्वसाधारण व्यक्तीस दहा वर्षे पुन्हा तपासणीची गरज नाही. एक-दोन लहान ॲडिनोमा असतील तर सात ते दहा वर्षांनी, आणि १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा ॲडिनोमा असेल तर तीन वर्षांनी तपासणी करावी. अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांच्या १९ नोव्हेंबर २०२१ रोजीच्या तपासणीत ३ मिलिमीटरचा एक पॉलिप निघाला. ते गुंगीत असताना ८५ मिनिटे अध्यक्षपदाचे अधिकार कमला हॅरिस यांच्याकडे होते. तो पॉलिप ॲडिनोमा असल्याचे नंतर सूक्ष्मदर्शकाखालीच स्पष्ट झाले.

पॉलिप काढल्याने लाभ होतो याला आधार आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय पॉलिप अभ्यासाच्या २०१२ सालच्या निष्कर्षांत, ॲडिनोमा काढून टाकलेल्या रुग्णांचे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र २०२२ साली युरोपातील एका मोठ्या चाचणीने आणखी एक सत्य समोर आणले. तपासणीचे निमंत्रण मिळालेल्या गटात दहा वर्षांत या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनीच घटला. कारण निमंत्रितांपैकी प्रत्यक्ष तपासणीला आले ते केवळ ४२ टक्के.

अमेरिकेत कोणताही त्रास नसलेल्यांनीही ४५ व्या वर्षापासून तपासणी करावी अशी शिफारस २०२१ पासून आहे. भारतात सर्वांसाठी तशी राष्ट्रीय मोहीम नाही. शासकीय तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांचा समावेश आहे. त्यामुळे येथे लक्षणांकडे आणि कौटुंबिक इतिहासाकडे लक्ष देण्याची जबाबदारी व्यक्तीवर अधिक येते. आईवडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असल्यास इतरांनी चाळीसाव्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मोठा ॲडिनोमा निघाला असेल तरीही ही गोष्ट जवळच्या नात्यात सांगावी.

खर्चाबाबत एक सूचना. केवळ निदानासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च आरोग्यविमा बहुधा देत नाही. पॉलिप काढल्यास तो दिवसभराच्या उपचारात गणला जाऊ शकतो. विमापत्रातील अटी आणि पूर्वमंजुरी यांची चौकशी तारीख ठरवण्यापूर्वीच करावी.

आठवड्यानंतर सूनबाईंनी अहवाल आणला. मोठा पॉलिप ॲडिनोमा जातीचा होता, कर्करोग नव्हता. पुढील तपासणी तीन वर्षांनी. “बाबा, आणखी काही वर्षे गप्प राहिला असता तर?” मुलाने विचारले. बाबांनी मुदत ठेवींच्या तारखा लिहिण्याची आपली वही काढली आणि शेवटच्या पानावर तीन वर्षांनंतरची तारीख लिहिली. मग त्यांनी सांगलीला धाकट्या भावाला फोन लावला आणि सहा महिने बायकोलाही न सांगितलेली गोष्ट पहिल्यापासून सांगितली. भावालाही वर्षभर तसाच त्रास होत होता. त्यानेही ती मूळव्याधच मानली होती. मिरजेत डॉक्टरांना दाखवायचे ठरले.

“दादा, दुखतं का रे?” भावाने शेवटी विचारले.

“दुखत नाही. आदल्या रात्रीचं पाणी तेवढं जड जातं.”